बिलावर सही कुणाची?

पत्र

ताई, नमस्कार. माझं वय सदतीस. सिव्हिलचा डिप्लोमा केला, नंतर इंटिरियरचा एक वर्षाचा कोर्स. गेली अकरा वर्षं ठाण्यात एका इंटिरियर फर्ममध्ये आहे. आम्ही जुने फ्लॅट, दवाखाने, छोटी ऑफिसं तोडफोडीपासून चावी देईपर्यंत करून देतो. तीन वर्षांपासून मी प्रोजेक्ट मॅनेजर. पगार ४२ हजार. एका वेळी तीन-चार साईट माझ्याकडे असतात. पण साईटवर काही सांगितलं की मिस्त्री विचारतात, "साहेबांना विचारलं का?" नवीन कारागीर तर मी समोर उभी असताना विचारतात, "साहेब कधी येणार?"

गेल्या दसऱ्याला एका क्लायंटचा गृहप्रवेश होता. बाथरूमचं वॉटरप्रूफिंग झालं, पण पाणी भरून बघायला दोन दिवस नव्हते. साहेब म्हणाले, लादी सुरू करा. मी तोंडी म्हटलं होतं की थांबू या. दीड महिन्यात खालच्या मजल्यावर ओल आली. खाली एक वयस्कर जोडपं राहतं. आता दुरुस्तीचे १ लाख ६० हजार माझ्या पगारातून हप्त्यानं कापायचं साहेब म्हणतात, कारण "साईट तुझी होती". शिवाय एक हार्डवेअरचा सप्लायर रात्री अकराला नको ते मेसेज टाकतो.

नवरा म्हणतो, पुरे झालं, एसीत बसून ड्रॉइंग कर. दोन जुने क्लायंट म्हणतात, मॅडम, तुम्ही स्वतःचं सुरू करा, पहिलं काम आमचं. मुलगा तिसरीत आहे. मी काय करू?

— नाव छापू नका, ठाणे

उत्तर

अगं, तुझं पत्र चार पानी होतं, इथे त्याचं सार छापलंय. मूळ पत्र वाचताना मी एक उद्योग केला, "साहेब" हा शब्द किती वेळा आलाय ते मोजलं. एकोणीस. मिस्त्री तो शब्द वापरतात याचं तुला वाईट वाटतं, आणि तूही त्याच शब्दानं विचार करतेस. त्याकडे येतेच. आधी गळती, कारण तुझ्या करिअरचं काय ते महिन्यानं ठरलं तरी चालेल, खालच्या आजी-आजोबांच्या छताला थांबायला वेळ नाही.

वॉटरप्रूफिंग फेल गेलं असं तू लिहितेस. कशावरून? साहेब म्हणाले, मुकादमानं मान डोलावली आणि तू कबूल केलंस. पण बघितलं कुणी? पत्रात तरी तसं कुठे नाही. बाथरूमखाली ओल आली की पहिलं नाव वॉटरप्रूफिंगचं निघतं. पुष्कळदा ते बरोबरही असतं, पण दर वेळी नाही.

वरच्या घरचे लोक चार-आठ दिवस गावाला जाणार असतील तर ती संधी साध. मुख्य कॉक चालू ठेवायचा, पण त्या बाथरूममध्ये कुणी थेंबभर पाणी वापरायचं नाही. तरीही खाली ओल पसरत राहिली तर भिंतीतली दाबाची लाइन, म्हणजे नळांना पाणी आणणारा पाइप, गळतेय. ओल हळूहळू सुकायला लागली तर दोष सांडपाण्याच्या बाजूचा किंवा जमिनीचा. यात घाई नको. तिथला स्लॅब खाली बुडवून वर भराव घातलेला असेल तर त्या भरावात साठलेलं पाणी पुढे कितीतरी दिवस निथळत राहतं. नंतर नहाणी ट्रॅपचं, म्हणजे जमिनीतून सांडपाणी जातं त्या जाळीखालचं, तोंड घट्ट बंद कर, जमिनीवर दोन इंच पाणी भर, भिंतीवर पाण्याच्या पातळीची पेन्सिलनं रेघ मार, तारीख-वेळ लिही आणि ४८ तास हात लावू नकोस. खाली ओल वाढली तर जमीन दोषी. नाही वाढली, पण ट्रॅप उघडून बादलीनं पाणी सोडल्यावर वाढली, तर ट्रॅपच्या खालचा जोड किंवा पुढचा पाइप.

माझ्या एका साईटवर असंच झालं होतं. ठपका वॉटरप्रूफिंगवाल्यावर आला, त्याचं शेवटचं बिल अडलं, आणि तो गरीब माणूस तीनदा येऊन स्वतःच्या खर्चानं कोपरे भरून गेला. शेवटी सापडलं काय? शॉवरची काच बसवणाऱ्यानं खालची पट्टी पक्की करायला जमिनीत चार स्क्रू मारले होते. लादी फोडून, खालचा थर फोडून, थेट आत. त्या दिवशी साईटवर कोण होतं? मी. कुठे होते? खिडकीपाशी, फोनवर, ग्रॅनाइटवाल्याशी भांडत. तुझ्याकडे लादीनंतर काच, टॉवेल रॉड, गिझर, आरसा असं काय काय लागलं आणि कोणी कधी लावलं, त्याची यादी कर. भिंतीतल्या पाइपांचे प्लास्टरआधीचे फोटो असतील तर ते शेजारी ठेव. नसतील तर पुढच्या साईटपासून टेप लावून फोटो काढायचे, म्हणजे पाइप जमिनीपासून आणि कोपऱ्यापासून किती इंचावर आहे ते फोटोतच दिसेल.

कारण सापडेपर्यंत १ लाख ६० हजारांच्या कुठल्याही कागदावर सही करू नकोस. "पगारातून कापणार असाल तर कशासाठी, किती आणि कोणत्या हिशेबानं, ते लेखी द्या," एवढंच म्हण. फर्मनं वर्षानुवर्षं नफा घेतला तेव्हा "साईट तुझी" हे कुणाला आठवलं नव्हतं. तरीही त्यांनी कापायला सुरुवात केलीच, तर नेमणूक-पत्र आणि पगाराच्या पावत्या घेऊन एखाद्या कामगार कायद्याच्या वकिलाला गाठ.

आणि दुरुस्ती म्हणजे खालच्या छताला रंग नव्हे. खालून इंजेक्शन मारून देतो म्हणणारेही येतील. पाणी वरून येतंय, तर वरचं कारण मिटवल्याशिवाय खालून काही मारून उपयोग नाही. ते पाणी दुसरी वाट शोधतं, म्हणजे आज न्हाणीघराखाली टपकतंय ते उद्या त्यांच्या देवघराच्या भिंतीत उतरतं.

आता कडू भाग. तुझीही चूक आहे. "तोंडी म्हटलं होतं" याला आपल्या धंद्यात काही किंमत नाही. तुला माहीत होतं, अकरा वर्षांत शंभर बाथरूम बघितली असशील, तरी दुसऱ्या दिवशी लादीवाल्याला जमिनीवर तूच बसवलंस. त्या संध्याकाळी साहेबांना एक ओळीचा मेसेज जायला हवा होता: "वॉटरप्रूफिंगचा शेवटचा हात आज झाला. पाणी भरून बघितलेलं नाही. तुमच्या सांगण्यावरून उद्या लादी सुरू करतेय." यात आवाज चढवायचा नाही, रडायचंही नाही. असा मेसेज वाचून दहातले सहा साहेब फोन करतात आणि म्हणतात, बरं, थांब दोन दिवस. उरलेले चार थांबत नाहीत, पण पुढे "साईट तुझी होती" म्हणताना त्यांची जीभ अडखळते.

आता तुझ्या खऱ्या प्रश्नाकडे.

तुला वाटतं मिस्त्री ऐकत नाहीत कारण तू बाई आहेस. थोडं खरं आहे ते. साईटवर बाई काही नवी नाही, डोक्यावर घमेलं घेऊन चार मजले चढणारी बाई प्रत्येक साईटवर आहे. तिला आयुष्यात कधी कुणी थापी हातात देत नाही, ती बिगारी म्हणून येते आणि बिगारी म्हणूनच पाठ मोडून जाते. टेप धरणारी बाई मात्र अजून लोकांना खटकते. शकुंतला भगत १९५३ साली मुंबईच्या व्हीजेटीआयमधून सिव्हिल इंजिनिअर होऊन बाहेर पडल्या, पुढे सुट्या भागांचे पोलादी पूल जोडायची पद्धत काढून त्यांनी हिमाचलात पूल उभे केले. त्यांच्या पदवीला सत्तर वर्षं उलटली आणि आपल्याकडे अजून सहाशे फुटांच्या फ्लॅटमध्ये लादीवाला विचारतो, साहेब कुठे.

पण फक्त बाई असण्याचाच प्रश्न आहे असं वाटत असेल तर तुझ्या जागी एखादा पंचविशीतला पोरगा ठेवून बघ. त्यालाही ते हाच प्रश्न विचारतील. साईटला एकच गोष्ट कळते, बिल कुणाच्या सहीनं निघतं. मुकादमाला आठवड्याची खर्ची कोण देतं, सुताराचं मोजमाप कोण घेतं, कुणी "नाही" म्हटलं की चेक अडतो. तुझ्या फर्ममध्ये हे सगळं साहेब करतात. म्हणजे सांगायचं तू, पैसे द्यायचे त्यांनी आणि निस्तरायचं पुन्हा तू. मग मिस्त्री साहेबांना विचारतो यात तो हिशेबानं शहाणाच आहे. मी त्याच्या जागी असते तर मीही साहेबांनाच विचारलं असतं.

हे मी कुठे शिकले ते सांगते. दादरच्या एका जुन्या इमारतीत पहिल्या मजल्यावरचा फ्लॅट. माझी स्वतंत्रपणे बघितलेली दुसरी साईट, वय सव्वीस. मुकादम साठीचा. मला "बेबी" म्हणायचा, लाडानं, पण बेबीच. प्लास्टरचं बिल त्यानं १४ ब्रासचं लावलं, ब्रास म्हणजे शंभर चौरस फूट. आमचे बॉस आजारी होते म्हणून बिल माझ्याकडे आलं. मी शनिवारी दुपारी एकटीनं टेप, खडू आणि वही घेऊन बसले. एक टोक धरायला त्याचाच बिगारी. खोलीगणिक मोजलं. दारं-खिडक्या त्यानं वजाच केल्या नव्हत्या. अर्ध्या चौरस मीटरपर्यंतचं भोक वजा करायचं नाही, त्याच्या वर तीन चौरस मीटरपर्यंत एका बाजूनं वजा, त्याहून मोठं असेल तर दोन्ही बाजूंनी, हा मोजणीचा नियम मला परीक्षेपुरता पाठ होता, त्या दिवशी पहिल्यांदा पोटापाण्याला लागला. उत्तर आलं साडेअकरा ब्रास.

मग मला एक गोष्ट दिसली. स्वयंपाकघरातल्या माळ्याच्या खालच्या बाजूला प्लास्टर होतं आणि त्यानं ते बिलात धरलंच नव्हतं. विसरला होता. मी माझ्या हातानं अर्धं ब्रास वाढवलं आणि १२ वर सही केली. संध्याकाळी तो आला, कागद डोळ्यांजवळ धरून बघत राहिला. कापलेल्या अडीच ब्रासबद्दल चकार शब्द नाही. वाढवलेल्या अर्ध्या ब्रासवर बोट ठेवून म्हणाला, "हे कोणी लिहिलं?" मी म्हटलं, मी. सोमवारपासून मी "बाई" झाले, आणि भिंत ओळंब्यात आहे का ते बघायला तो मलाच हाक मारायला लागला. बॉस बरे होऊन परत आले तरी.

नुसती काटछाट करणारा माणूस साईटवर पायलीला पन्नास मिळतो. मोजून देणाराही असतो हे लोकांना क्वचित बघायला मिळतं.

म्हणून माझं म्हणणं असं की आज नोकरी सोडू नकोस, एसीतही बसू नकोस आणि स्वतःचं दुकानही मांडू नकोस. आधी आहे त्याच खुर्चीत अधिकार माग. साहेबांची वेळ घे, साईटवर नाही, ऑफिसात, दार लावून. पहिली मागणी: तुझ्या साईटवरचं कुठलंही लेबर बिल तू मोजल्याशिवाय आणि तुझी सही असल्याशिवाय पास होणार नाही. चेक त्यांनीच काढावा, हरकत नाही. दुसरी: जे काम पुढे झाकलं जाणार आहे ते झाकण्याआधी थांबवायचा अधिकार तुझा. म्हणजे भिंतीतले पाइप आणि वायरिंगच्या नळ्या प्लास्टरखाली जाण्याआधी, वॉटरप्रूफिंग लादीखाली जाण्याआधी, आणि फॉल्स सीलिंगचे बोर्ड चढण्याआधी वरचं वायरिंग आणि एसीच्या ड्रेनचा उतार. बाकी रंगाची छटा चुकली, हँडल उलटं लागलं, ते निस्तरता येतं. झाकलेलं काम चुकलं की फोडावं लागतं. तिसरी: प्रत्येक साईटला हातात दहा-पंधरा हजार रोख. एक पोतं सिमेंट किंवा दोन एल्बो कमी पडले म्हणून तुला साहेबांना फोन लावावा लागतो आणि चार माणसं उभी राहून तो फोन ऐकतात, तिथेच तुझी अर्धी किंमत जाते.

हे मागताना "मला मान मिळत नाही" असं म्हणू नकोस. तसं म्हटलंस की ते तुला मान देतील, म्हणजे चहा मागवतील. "पाणी भरायला न दिलेल्या दोन दिवसांची किंमत १ लाख ६० हजार झाली, हे पुन्हा नको असेल तर असं करू," असं म्हण. पैशाची भाषा त्यांना कळते.

यातलं एखादं तरी मिळालं की लगेच वापर. सुताराचं बिल आलं की प्लायवर हात ठेवून बघ. ओल्या जागेला ७१० चा, पाण्याला टिकणारा मरीन प्लाय ठरला असताना ३०३ चा साधा प्लाय लागलाय का, ते लॅमिनेट चिकटायच्या आधी शिक्का वाचून कळतं. नंतर सगळे प्लाय सारखेच. आणि नवीन कारागिरानं "साहेब कधी येणार" विचारलं तर चिडू नकोस. "बिल मी मोजते, काय विचारायचंय?" म्हण. पुढचा आठवडा तो प्रश्न नाही विचारणार.

त्या सप्लायरबद्दल थोडक्यात, कारण यात विचार करण्यासारखं काही नाही. मेसेजचे स्क्रीनशॉट काढून ठेव. एकदाच लिही: "कामाचं दिवसा आणि ऑफिसच्या ग्रुपवर बोला. बाकीचे मेसेज बंद करा." तुमच्याकडे दहा किंवा जास्त माणसं असतील तर कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे फर्ममध्ये अंतर्गत समिती असायलाच हवी, आणि त्रास देणारा बाहेरचा असला तरी तक्रार तिथे करता येते. दहापेक्षा कमी असाल तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. हार्डवेअरची दुकानं ठाण्यात काही कमी नाहीत. बिलावर तुझी सही यायला लागली की त्याचा माल कुठून बंद करायचा हेही तुझ्याच हातात येईल.

नवऱ्याशी भांडू नकोस. तू रात्री जेवताना फोनवर बिजागऱ्या मोजतेस, ते त्याला दिसतं. तुझा खरा त्रास काय ते त्याला दिसत नाही, म्हणून त्याला उपाय म्हणून एसी सुचतो. बहुतेक सोसायट्या संध्याकाळी सहानंतर ठोकाठोकी करू देत नाहीत, रविवारी तर नाहीच. म्हणजे साईट तुला उशिरापर्यंत अडकवत नाही, उद्याचा माल अडकवतो. उद्या लागणारा माल आज दुपारी चारपर्यंत सांगून व्हायला हवा आणि चारनंतर आलेली यादी परवाला जाईल, हे एकदा सगळ्यांना सांग आणि दोन आठवडे निष्ठुरपणे पाळ. पहिल्या आठवड्यात एक सुतार अर्धा दिवस बसून राहील. राहू दे.

आणखी एक. हे कुणी लिहीत नाही म्हणून मी लिहिते. तू दिवसभर कुठे जातेस? दोन संडास असलेला फ्लॅट असेल तर एक शेवटपर्यंत तोडू द्यायचा नाही, तोडफोडीच्या क्रमातच तसं लिहायचं. एकच असेल तर काम सुरू व्हायच्या आधी सोसायटीच्या सेक्रेटरींकडून वॉचमनच्या संडासाची परवानगी घ्यायची, तुझ्यासाठी आणि घमेलं उचलणाऱ्या बाईसाठीही. मी तरुणपणी सकाळपासून पाणी न पिता साईट काढल्या आणि चाळिशीत त्याची किंमत मोजली.

आता ते "पहिलं काम आमचं" म्हणणारे क्लायंट. गोड माणसं आहेत, पण आधी आकडा मांडू. समज १५ लाखांचं काम, देखरेखीची तुझी फी १० टक्के. दीड लाख. काम चाललं पाच महिने. महिन्याला तीस हजार, त्यातून रिक्षा-पेट्रोल आणि फोन. म्हणजे आजच्या पगारापेक्षा कमी. दोन साईट एकाच वेळी असल्या तरच गणित जमतं, आणि दुसरी साईट पहिली अर्ध्यावर आली की कुठून येणार, हे आज तुला माहीत नाही. सगळं कामच अंगावर घेतलंस, माल-मजुरीसकट, तर नफा जास्त दिसतो, पण मग अशी दोन कामं झाली की वर्षाची उलाढाल ३० लाख. २० लाखांच्या वर जीएसटीची नोंदणी लागते आणि बिलावर १८ टक्के चढतात. मग तेच गोड क्लायंट विचारतात, बिलाशिवाय नाही का होणार? तिथे "नाही" म्हणायची तयारी ठेव. शिवाय माल आणायला पैसा आधी तुझा जातो, क्लायंटचा नंतर येतो.

म्हणून जायचंच असेल तर नुसत्या फीवर जा, कारागिरांचे पैसे क्लायंटनं थेट द्यावेत आणि बिल तू मोजून सही करून पाठवावंस. हप्ते तारखेला बांधू नकोस, कामाला बांध. लादी पूर्ण झाली की इतके, कपाटांचे सांगाडे उभे राहिले की इतके, लॅमिनेट लागलं की इतके. शेवटच्या हप्त्यात पाच टक्क्यांपेक्षा जास्त काही ठेवू नकोस. शेवटचं बिल हे आपल्या धंद्यात पाहुण्यांना दिलेल्या डब्यासारखं असतं, परत आलं तर आलं.

व्हिजिटिंग कार्डावर "आर्किटेक्ट" छापू नकोस, कुणी कितीही म्हटलं तरी. १९७२ च्या कायद्यानं तो शब्द नोंदणी केलेल्यांचाच आहे. आणि "ही भिंत काढून हॉल मोठा करू" असं क्लायंट म्हणाला की तुझं उत्तर ठरलेलं असू दे: स्ट्रक्चरल इंजिनिअरचं पत्र आणि सोसायटीची लेखी परवानगी. साडेचार इंची भिंत आहे म्हणून ठोकली आणि आत खांब निघाला, असं मी डोळ्यांनी बघितलंय. लोडबेअरिंग इमारतीत तर भिंत हाच खांब. जुनी सोसायटी असेल तर आधी स्ट्रक्चरल ऑडिटचा रिपोर्ट माग. सहकारी सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं ऑडिट दर ५ वर्षांनी आणि ३० च्या पुढे दर ३ वर्षांनी व्हायला हवं. रिपोर्ट दाखवायला सेक्रेटरी टाळाटाळ करत असतील तर बहुधा झालेलंच नाही, आणि मग त्या इमारतीत हातोडा उचलायच्या आधी दोनदा विचार कर.

चालू नोकरीतला, चालू साईटचा क्लायंट घेऊन जाऊ नकोस. नेमणुकीचं पत्र काढून वाच, त्यात काही अट असेल. नसली तरी नको. ठाणं लहान आहे, प्लायवाल्यापासून लिफ्टमनपर्यंत सगळ्यांना सगळं कळतं. ते दोघे खरंच तुझ्यासाठी थांबले असतील तर आणखी सहा महिने थांबतील.

सहा महिने मी मुद्दाम म्हणतेय. तेवढ्यात साहेब सहीचा अधिकार देतील किंवा देणार नाहीत. दिला तर तिथेच राहून दोन वर्षं बिलं मोज, तो अनुभव तुला पुढे फुकट मिळणार नाही. नाही दिला तर जमवलेले चार-सहा महिन्यांचे घरखर्चाचे पैसे आणि मोजायची सवय घेऊन बाहेर पड. मोजमापाच्या वह्यांच्या झेरॉक्स नकोत, कारण त्या वह्या फर्मच्या आहेत.

आता शनिवारी काय करायचं ते सांगते. आधी खाली जा. साहेबांना घेऊन नाही, मुकादमालाही नाही. एकटी जा, टॉर्च आणि पेन्सिल घेऊन. आजोबांना विचार की ओल पहिल्यांदा कधी दिसली, कुठल्या कोपऱ्यात, सकाळी जास्त असते की सारखीच. ओल आल्यापासून ते त्या छताकडे बघत बसलेत, तुझ्या फर्ममधल्या कुणाहीपेक्षा त्यांना जास्त माहीत आहे. ओलीच्या कडेनं पेन्सिलची रेघ मार, तारीख घाल, फोटो काढ. मग वरचे लोक इतक्यात गावाला जाणार नसतील तर वर जाऊन ट्रॅपच्या तोंडात बोळा बसव. आणि पाणी भरायच्या आधी आजींना सांगून ठेव, म्हणजे छताखालचं धुणं नि लोणच्याच्या बरण्या त्या दोन दिवस दुसरीकडे हलवतील.